सल्ला हवा: रोज एक फोटो, १३२ वा दिवस, आणि आता हात उचलत नाही

खिडकी_सीट | १२ मे, रात्री ११.४०

१ जानेवारीला ठरवलं होतं, वर्षभर रोज एक फोटो. आज १३२ वा दिवस. आजचा फोटो रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी काढला. ओट्यावरची वाटी, वाटीत हापूसच्या दोन कोयी. गेल्या आठ दिवसांतला वाटीचा हा तिसरा फोटो.

राहायला ठाण्याच्या नौपाड्यात, नोकरी नवी मुंबईत रबाळ्याला. सकाळी ७.४० ला घर सोडते, परत यायला साडेआठ होतात. पाडव्यापर्यंत मजा आली, शोभायात्रेच्या दिवशी तर साठ-सत्तर फोटोंतून एक निवडताना जीव मेटाकुटीला आला. आता रोज जेवणं झाल्यावर आठवतं आणि पोटात गोळा येतो. त्यात पावसाळा तोंडावर.

कॅमेरा नाही. फोन आहे, तीन वर्षं जुना. खर्च फार तर ३,००० रुपये, त्यावर एक रुपया नाही. ज्यांनी असं वर्ष पूर्ण केलंय किंवा मध्येच सोडलंय, त्यांनी सांगा. उरलेले २३३ दिवस उत्साह टिकवायचा कसा?

लेन्सवेडा | १३ मे, सकाळी ७.०५

फोनवर वर्ष निघणं कठीण आहे. सेकंडहँड मिररलेस कॅमेरा घ्या आणि त्यावर ५० एमएम १.८ लेन्स लावा. मी दिवाळीत घेतला, लेन्ससकट ५२ हजार. पहिल्याच संध्याकाळी तलावपाळीला गेलो. गडकरी रंगायतनच्या बाजूने पलीकडचे दिवे मागे धूसर ठेवून भेळवाल्याच्या हातांचा फोटो घेतला, तो अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. हातात चांगलं यंत्र आलं की पाय आपोआप बाहेर पडतात.

खिडकी_सीट

दादा, बजेट ३,००० लिहिलंय.

लेन्सवेडा

वाचलं ताई. पण हप्ते करून मिळतो. नाहीतर निदान ट्रायपॉड घ्या.

पामबीच_पायी | १३ मे, सकाळी ९.३०

मी २०२२ साली ३६५ पूर्ण केले, नेरुळमधून, सगळे फोनवर. त्यामुळे वरचं पटलं नाही. मलाही मे महिन्यातच सोडून द्यावंसं वाटलं होतं. नवेपणा संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो.

मला एकाच गोष्टीने तारलं. दिवसाचा फोटो दुपारी बाराच्या आत काढायचा. कसाही असो, स्टेशनला जाताना एक घेऊन टाकायचा. नंतर दिवसभरात चांगला मिळाला तर तो ठेवायचा, सकाळचा पुसायचा. एकदा खिशात एक फोटो पडला की डोक्यावरचं ओझं जातं आणि मग गंमत म्हणजे दुसरा सहज दिसतो. तुमचे वाटीचे फोटो कंटाळ्यातून आलेले नाहीत, ते दमलेल्या माणसाने रात्री अकराला काढलेले आहेत.

फोनचं म्हणाल तर, जिथे उजेड जास्त आहे तिथे स्क्रीनवर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोन आपणहून सगळं उजळवतो, सावल्या मारून टाकतो. सावली राहिली की साध्या जिन्याचाही फोटो होतो.

खाडीकाठ | १३ मे, दुपारी १.१०

रबाळ्याला नोकरी म्हणजे ऐरोली एक स्टेशन अलीकडे! तिथल्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून आहेत, पाऊस लागला की निघतील. लगेच जा. भरतीची वेळ बघून जा, पाणी चढायला लागलं की चिखल बुडत जातो आणि थवे काठाकडे सरकतात. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणजे कधी ना कधी तुमच्या ऑफिसआधीच्या वेळेत बसेलच. नेरुळला टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे उभं राहून मी मोठ्या रोहितांचे फोटो घेतलेत, थेट पंख पसरलेले.

ऐरोलीकर

खाडीत बहुतेक सगळे छोटे रोहित असतात. चोच बघा. छोट्याची चोच गडद, लालसर काळी. मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोक काळं. बरेच जण थवा दिसला की सरसकट मोठे म्हणतात. आणि ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं, तर बघायचं तिथे बघा की. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते.

खाडीकाठ

चोच मला कळते. फोटो टाकतो, तुम्हीच सांगा.

ऐरोलीकर

टाका. दोन्ही असू शकतात, मी नाही म्हटलं नाही.

मीठबंदर | १३ मे, सायंकाळी ६.२०

लेन्सच्या सल्ल्यांआधी माझं ऐका. मागच्या पावसाळ्यात १८ हजारांची लेन्स बॅगेत घालून कपाटात ठेवली. गणपतीला काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानदार म्हणाला, साफ करून देतो. साफ केल्यावर फोकस घसरायला लागला. पैसे गेले ते गेलेच, गणपतीतला एकही फोटो धड आला नाही, याचं जास्त वाईट वाटतं. आपल्याकडची जुलैतली हवा म्हणजे लेन्सचा काळ. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, एवढं केलंत तरी पुरे. निळे दाणे ओल धरली की गुलाबी होतात, मग तव्यावर मंद आचेवर भाजायचे, परत निळे.

प्रयोगवही

कृपया स्वयंपाकाच्या तव्यावर नको. निळ्या सिलिकात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. केशरी रंगाची बिनकोबाल्टची मिळते, ती घ्या आणि भाजायला वेगळं भांडं ठेवा.

मीठबंदर

हे माहीत नव्हतं. तवा बदलतो.

खिडकी_सीट

माझ्याकडे लेन्सच नाही हो. पण धन्यवाद.

मधली_सुट्टी | १३ मे, रात्री १०.१५

एवढा ताण घ्यायचाच कशाला? मी मागच्या वर्षी आठवड्याला पाच दिवस काढायचे, शनिवार-रविवार नाही. एखादा दिवस गेला तर गेला.

पामबीच_पायी

असं करू नका. एक दिवस गेला की दुसरा जातो. माझ्या बहिणीचं तेच झालं, १४ तारखेला चुकला आणि महिना संपायच्या आत प्रकल्प संपला.

प्रयोगवही

न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टनने ३१ मार्च १९७९ ला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला वारला तोपर्यंत दिवसाला एक पोलरॉइड, एवढाच नेम ठेवला. फोटो बघितले तर कितीतरी अगदी साधे आहेत. मित्र बसलेत, टेबलावर काहीतरी सांडलंय. शेवटचे इस्पितळातले. एकेकटा बघितला तर काही नाही, सलग बघितले की गलबलून येतं. वाटीचे तीन फोटो आले म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

लेन्सवेडा

विषय ठरवा. एक महिना फक्त दारं, एक महिना फक्त लाल रंग. आणि ट्रायपॉड.

घणसोली_लोकल | १४ मे, सकाळी ८.५०

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सोळा जण. रोज रात्री दहापर्यंत फोटो टाकायचा, नाही टाकला तर दुसऱ्या दिवशी चहा पाजायचा. लोक बघतायत म्हटल्यावर आळस जातो. प्रिंटबिंट काढायच्या भानगडीत पडू नका, क्लाउडवर ठेवा, पैसे वाया जात नाहीत.

पावसाची भीती काढून टाका. ढगांमुळे उजेड मऊ असतो, माणसांचे चेहरे सुंदर येतात. रात्री रस्त्यावरच्या दिव्याकडे तोंड करून काढला की पडणारी सर दिसते, दिवा पाठीशी असेल तर दिसत नाही. फोनला प्लास्टिकची पिशवी, भिंग तेवढं मोकळं.

निवृत्त_ठाणेकर | १४ मे, सकाळी ११.३०

मुली, मी सल्ला देत नाही, मला फोटोतलं फार कळत नाही. सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतो तेव्हा एकाच बाकावरून एकाच झाडाचा फोटो काढतो, दोन वर्षं झाली. सून विचारते, बाबा रोज तेच काय? मी ते फोटो पुण्यातल्या माझ्या भावाला पाठवतो. आम्ही दोघं त्या झाडाखाली गोट्या खेळलो आहोत. त्याचं उत्तर आलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

तुझे फोटो तू कोणाला दाखवतेस?

लेन्सवेडा

काका, छान. कुठला फोन वापरता?

खिडकी_सीट | १५ मे, रात्री ९.५५

सगळ्यांचे आभार. काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दीड दिवस लागला. कोणालाच दाखवत नव्हते. आधी स्टेटसला टाकायचे, लाइक मोजायचे, मग तेही बंद झालं.

कॅमेरा घेणार नाही, ट्रायपॉडही नाही. विषय ठरवणार नाही, मला दारांचा महिना जमणार नाही. ग्रुपमध्येही येत नाही, राग मानू नका. बाराच्या आतलं मात्र आजपासून सुरू केलं आणि फरक पडला. सकाळी ठाण्याला नऊ नंबरवर ट्रान्सहार्बर लोकलची वाट बघताना एक बाई गजरा केसात माळता माळता गाडीच्या काचेत बघत होती. तिला विचारून काढला. तिने मान थोडी वळवून दिली.

पैसे प्रिंटमध्ये घालणार आहे, नको म्हणालात तरी. नाक्यावरच्या स्टुडिओत चार बाय सहाची एक प्रिंट १२ रुपयांना पडते. आजचा धरून २३१ दिवस राहिले, म्हणजे २,७७२ रुपये. बसतं.

माझे बाबा तीस वर्षं वागळे इस्टेटला कामाला होते. रोज संध्याकाळी घरी यायच्या आधी तलावपाळीला एक चक्कर, कोपिनेश्वराला बाहेरून नमस्कार. जानेवारीत पडले, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत. फोनची स्क्रीन त्यांना चमकते, दिसत नाही. मी तर १ जानेवारीपासून त्यांच्याच शहराचे फोटो काढत होते आणि ते बाजूच्या खोलीत होते.

आज येताना गेल्या पाच दिवसांच्या प्रिंट आणल्या. वाटीचाही. बाबांनी चष्मा लावून प्रत्येक फोटो खिडकीशी धरला. मग बॉलपेन मागितलं आणि मागे तारीख घालायला लागले. एका फोटोत रस्त्यावरचं पिवळं झाड आहे, मी त्यावर 'बहावा' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, याचे तुरे वर उभे आहेत, हा सोनमोहर, म्हणाले. मागे लिहिलं, 'सोनमोहर. पोस्टाच्या पलीकडचा. अजून आहे.'

उद्या त्यांना जांभळी नाक्याचा फुलबाजार हवाय. सात वाजता निघते.