स्लायडर दिसत नसतील तर, आणि व्होल्टेज किती उतरवायचं

लिनक्सवर ग्राफिक्स कार्डच्या सेटिंग बदलणारा कोअरकंट्रोल (CoreCtrl) हा प्रोग्राम टाकूनही क्लॉक (कार्डचा वेग) आणि व्होल्टेजचे स्लायडर दिसत नाहीत, असं तुम्ही म्हणताय. कार्ड एएमडीचं असेल तर बहुधा दोष त्या प्रोग्रामचा नाही. ड्रायव्हरमध्ये ओव्हरड्राइव्ह, म्हणजे क्लॉक-व्होल्टेज बदलू देणारी सोय, मुळात बंद असतं. ग्रबमधून (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पीपीफीचरमास्क (amdgpu.ppfeaturemask) हे पॅरामीटर द्या, ग्रब अपडेट करून रीबूट करा, मग ते उघडेल.

त्यानंतर लगेच क्लॉक वाढवायच्या मागे लागू नका, आधी व्होल्टेज उतरवून बघा. माझ्या एएमडी आरएक्स ६८०० कार्डवर मी २५ मिलिव्होल्टच्या पायरीने खाली गेलो. उणे ५० ला सगळं सुरळीत, पंख्याचा आवाजही उतरला. उणे ७५ ला बेंचमार्क (कार्डवर ताण देणारी चाचणी) तासभर बिनतक्रार चालला, आणि गेममधून मेन्यूत येताना स्क्रीन एकदम काळी! लोड अचानक बदलतो तेव्हा खरी परीक्षा होते, त्यामुळे नुसत्या बेंचमार्कवर विसंबू नका.

रीबूट केलं की हे आकडे पुसले जातात, आणि सुरुवातीला ते सोयीचंच आहे. आठवडाभर नीट चालल्याशिवाय सेटिंग आपोआप लागू होईल असं करू नका.

कार्ड एनव्हिडियाचं असेल तर एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) या कमांडने पॉवर लिमिट, म्हणजे कार्डने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी ती मर्यादा, कमी करणं सगळ्यात सोपं.