बारावी नसताना पूर्वतयारीतून बी.ए.ला प्रवेश घेतला आहे, पुढे एलएल.बी.साठी पात्र ठरेन का?

निळीशाई:

सर्वांना नमस्कार.

माझे वय ३७ आहे. २००४ साली दहावी उत्तीर्ण झाले, अकरावी कला शाखेत नाव घातले आणि वर्ष पुरे होण्याआधीच लग्न झाल्याने शिक्षण सुटले. गेली नऊ वर्षे मी तालुक्याच्या ठिकाणी एका वकीलसाहेबांच्या कार्यालयात टायपिंगचे आणि फायली सांभाळण्याचे काम करते. दरवर्षी निकाल लागले की शिक्षणात खंड पडलेल्या मुलामुलींची प्रतिज्ञापत्रे माझ्याच हातून तयार होतात. ‘सदर कालावधीत मी कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही’ हे वाक्य मला आता की-बोर्डकडे न बघता टाइप करता येते.

वकील व्हावे, ही इच्छा याच कार्यालयात बसून निर्माण झाली. बारावी नसल्याने मार्ग बंद आहे असे मी समजत होते. मात्र यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम केल्यास बारावीविना बी.ए.ला प्रवेश मिळतो, असे एका अशिलाच्या मुलीकडून कळले. मी तो शिक्षणक्रम पूर्ण केला, बी.ए.ला प्रवेश घेतला आणि प्रथम वर्ष उत्तीर्णही झाले. उरलेली दोन वर्षे काढली की तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्यायची, असा माझा सरळ हिशेब होता.

तो हिशेब मागच्या आठवड्यात मोडला. कार्यालयात नव्याने आलेल्या कनिष्ठ वकिलांनी मला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली व कायदेशिक्षणाचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या) २००८ सालच्या कायदेशिक्षण नियमांतील नियम ५ आणि त्याखालचे स्पष्टीकरण वाचून दाखवले. कोणतीही मूलभूत शैक्षणिक अर्हता नसताना ज्यांनी मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मिळवली आहे, ते कायद्याच्या अभ्यासक्रमाला पात्र नाहीत, असा त्या स्पष्टीकरणाचा आशय आहे. प्रवेशाच्या वेळी मी माहितीपुस्तिकेतील शुल्काचे पान तीन वेळा वाचले होते. पुढे कुठे अडेल, हा प्रश्नच मनात आला नव्हता. चूक माझीच आहे आणि त्याबद्दल विद्यापीठाला दोष देण्याचा माझा हेतू नाही.

माझे मुख्य प्रश्न असे आहेत. बी.ए. चालू ठेवून मध्येच बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास हा दोष दूर होतो का, की बी.ए. सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल? बारावी करायची झाल्यास राज्य मंडळाचा १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) अर्ज भरावा की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा द्यावी? मुक्त संस्थेची बारावी पुन्हा त्याच नियमात अडकेल, अशी मला धास्ती वाटते. वयाची अट लागते का, हेही सांगावे.

आणखी एक बाब आहे. मी इतर मागासवर्गातील आहे. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा आहे, आधार सासरच्या नावाचे आहे आणि दहावीची गुणपत्रिका अर्थातच माहेरच्या नावाची. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रासाठी (आरक्षणासाठी उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) यजमानांचे उत्पन्न दाखवावे लागेल, असे कोणी म्हणते, तर कोणी वडिलांचे म्हणते.

ज्यांनी स्वतः या वाटेने प्रवेश घेतला आहे किंवा प्रवेशाचे काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना_मुन्शी:

निळीशाई ताई, मी एका विधी महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षे प्रवेशाची कागदपत्रे तपासली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार पसरलेला आहे. त्या नियमाचा रोख मुक्त विद्यापीठावर नाही. रीतसर बारावी होऊन मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेला विद्यार्थी एलएल.बी.ला पात्र असतो आणि असे विद्यार्थी दरवर्षी येतात. नियमाचा आक्षेप आहे तो पायरी गाळण्याला. दहावी, मग बारावी, मग पदवी, ही साखळी त्यांना अखंड हवी असते. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात पहिली पदवी नसताना मुक्त पद्धतीने मिळवलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरली नव्हती. मुद्दा पायरी गाळण्याचाच होता. त्यामुळे राष्ट्रीय मुक्त संस्थेच्या बारावीची धास्तीही आपण बाळगू नये. आपली दहावी नियमित मंडळाची आहे, म्हणजे बारावीसाठी लागणारी मूलभूत अर्हता आपल्याजवळ आहेच.

मध्येच बारावी केल्यास दोष दूर होतो का, यावर वाद घालता येईल, आणि कदाचित न्यायालयात तो जिंकताही येईल. पण आपल्याला प्रवेश हवा आहे, खटला नको. पडताळणीच्या टेबलावर बसलेला माणूस दोन तारखा पाहतो: बारावी कधी उत्तीर्ण झाली आणि बी.ए.चा प्रवेश कधीचा आहे. बी.ए.चा प्रवेश आधीचा दिसला की तो फाईल बाजूला ठेवतो. माझ्या मते आपण आधी बारावी करावी आणि त्यानंतर बी.ए.ला नव्याने प्रवेश घ्यावा. जुन्या प्रथम वर्षाची श्रेयांके (क्रेडिट) पुढे ओढण्याचा मोहही टाळावा, कारण मग जुनी प्रवेशतारीख पुन्हा कागदावर येते. एक वर्ष वाया गेल्याचे वाईट वाटेल, परंतु तो अभ्यास डोक्यातून पुसला जात नाही.

मंडळाचे म्हणाल तर मी १७ नंबरचा अर्ज सुचवेन. कला शाखा घेतल्यास प्रात्यक्षिकांची अडचण येत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि नेमून दिलेल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत परीक्षेला बसता येते. शिवाय राज्य मंडळ असल्याने पुढे स्थलांतर प्रमाणपत्र आणण्याची वेळ येत नाही. फक्त अर्जाची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, हे ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय संस्थेची परीक्षा वर्षातून दोनदा होते. मुदत हुकली तर तो पर्याय उत्तम आहे.

वयाची काळजी नको. २००८ च्या नियमांत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ३० अशी मर्यादा होती, तिच्यावर बरीच न्यायालयीन लढाई झाली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आपल्या राज्याच्या सीईटीला वयाची वरची अट नाही.

अभ्यासिका:

जुना_मुन्शी यांनी सगळे नेमके लिहिले आहे. एक पर्याय मात्र राहिला. बारावीनंतर थेट पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी देता येते; त्यात बी.ए.चा वेगळा टप्पा नसल्याने एकूण एक वर्ष वाचते. मी स्वतः दोन मुलांनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे, त्यामुळे धोक्याची सूचनाही देते. कायद्याचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने होत नाही. हजेरी ७० टक्के लागते आणि नियमित वर्ग म्हणजे आठवड्याला किमान ३० तास. नोकरी सांभाळून हे तीन वर्षे रेटणे आणि पाच वर्षे रेटणे यांत फार फरक आहे. आपले वकीलसाहेब दुपारनंतर कामावर यायला परवानगी देतील का, हे आधी विचारून घ्यावे.

नॉन-क्रिमीलेअरसाठी आई-वडिलांचे उत्पन्न आणि दर्जा पाहतात, यजमानांचे नाही. जातीचा दाखलाही माहेरच्याच आधारावर असतो, त्यामुळे तो आहे तसाच चालतो. जात वैधता प्रमाणपत्र मात्र वेळखाऊ असल्याने त्याचा अर्ज बारावीच्या वर्षातच करून ठेवावा. नावातील फरकासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील प्रसिद्धी, दोन्ही जवळ असू द्यावे. इतर मागासवर्गाला पात्रता परीक्षेत ४५ ऐवजी ४२ टक्के लागतात, म्हणून हे कागद नुसते शोभेचे नाहीत.

निळीशाई:

आपणा दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री यजमानांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. बी.ए. थांबवून १७ नंबरच्या अर्जाने बारावी करायची, त्यानंतर बी.ए.ला नवा प्रवेश घ्यायचा आणि मग तीन वर्षांचा एलएल.बी., असे ठरले आहे. पाच वर्षे अर्धा दिवस कामावर न येण्याची परवानगी मागण्याचे धाडस मला झाले नाही. तीन वर्षांचे विचारले, तेव्हा साहेब हसून ‘आधी बारावी हो’ म्हणाले.

आता अडचण फक्त दाखल्याची आहे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मी अकरावीच्या प्रवेशावेळी कनिष्ठ महाविद्यालयात जमा केला होता आणि तिथून निघताना दुसरा दाखला घेतलाच नाही. परवा फोन केला, तेव्हा जनरल रजिस्टरचा (विद्यार्थ्यांच्या प्रवेश-नोंदवहीचा) क्रमांक विचारला. ट्रंकेतून अकरावीचे ओळखपत्र काढले, तर फोटोखालचा क्रमांक ओलीने पुसट झालेला आहे. पहिले दोन आकडे दिसतात, पुढचे नाहीत. दहावीचा बैठक क्रमांक आणि प्रवेशाचे वर्ष यांवरून त्यांना नोंद शोधता येते का, की मी सोमवारी स्वतः जाऊन रजिस्टर पाहण्यासाठी लेखी अर्ज द्यावा? जुना_मुन्शी, आपण सांगाल तसा अर्जाचा मसुदा मी आजच टाइप करून ठेवते.