निकोला काराबातिच एवढा भारी का मानतात?

नवा_प्रेक्षक
पॅरिस ऑलिंपिकपासून हँडबॉलचा नाद लागलाय, आता जुन्या मॅचेस शोधून शोधून बघतोय. जिकडे तिकडे फ्रान्सच्या निकोला काराबातिचचं नाव, ऑल टाइम ग्रेट वगैरे. पण आकडे काढले तर फ्रान्सकडून सगळ्यात जास्त गोल जेरोम फर्नांडेझचे, सगळ्यात जास्त मॅचेस जॅक्सन रिचर्डसनच्या. आणि पॅरिस ऑलिंपिकमधली लीलला झालेली ती जर्मनीविरुद्धची क्वार्टर फायनल बघितली त्यात तर हा थकलेलाच दिसला. मग नेमकं काय आहे या माणसात? टीमच तगडी होती म्हणून पदकं मिळाली असं तर नाही ना?

सात_मीटर
अरे तू बघितलीस ती त्याच्या करिअरची शेवटची मॅच, तेव्हा तो ४० वर्षांचा होता, त्यावरून काय ठरवणार!

टीम तगडी होतीच, वादच नाही. पण २००६ ला युरो जिंकलेली टीम आणि २०२४ ला युरो जिंकलेली टीम शेजारी ठेवून बघ. अठरा वर्षं मध्ये गेली, कोच बदलले, पोरं बदलली, हा दोन्हीकडे आहे. मधल्या काळात ऑलिंपिक गोल्ड ३ (२००८, २०१२ आणि टोकियो), वर्ल्ड कप ४, युरो एकूण ४. जगातला बेस्ट प्लेअर म्हणून तीनदा निवडला गेला, २००७, २०१४ आणि २०१६.

आता गोलांचं. पुढच्या वेळी बॉलकडे नको, फक्त त्याच्याकडे बघ. हँडबॉलमध्ये प्लेअर कधीही बदलता येतात, त्यामुळे बरेच मोठे शूटर अटॅक संपला की बेंचकडे पळतात आणि डिफेन्सवाला आत येतो. हा वर्षानुवर्षं दोन्हीकडे खेळला, डिफेन्सला थेट मधोमध, जिथे शंभर किलोचे पिव्होट (समोरच्या टीमच्या डिफेन्समध्ये घुसून गोलसमोर उभे राहणारे अटॅकर) अंगावर येतात तिथे. अटॅकला नऊ मीटरवर बॉल घ्यायचा, तीन स्टेप्स, दोन डिफेंडरच्या मधल्या फटीत खांदा घालायचा, दोघंही त्याला धरायला आले की हात तेवढा मोकळा ठेवून पिव्होटला किंवा कडेच्या विंगला पास. गोल दुसऱ्याच्या नावावर लागतो. स्कोअरशीटमध्ये हे कुठे दिसणार?

दुसरा_हाफ
+१. क्लब करिअर पण बघा. जन्म निशचा, तेव्हाचं युगोस्लाव्हिया. वडील ब्रान्को स्वतः गोलकीपर होते, त्यांच्या खेळामुळेच घर फ्रान्समध्ये आलं, पोरगा वाढला मॉन्पेलिएजवळच्या फ्रोंतिन्यांमध्ये. मॉन्पेलिएकडून २००३ ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला तेव्हा वय १९. ती फायनल वेडी होती, दोन मॅचेसची, पहिली स्पेनमध्ये पोर्टलँड सान अँटोनियोकडून २७-१९ हरले, आठ गोलांनी मागे, सगळ्यांनी सोडून दिलं असेल, आणि घरी येऊन ३१-१९ मारलं. कुठल्याही फ्रेंच पुरुष क्लबची पहिली चॅम्पियन्स लीग. मग जर्मनीत कील, चार सीझन चार बुंडेसलिगा (जर्मन लीग) आणि २००७ ची चॅम्पियन्स लीग, मग परत मॉन्पेलिए, आणि पुढे बार्सिलोनाकडून २०१५ ची. तीन देश, तीन क्लब, तिन्हीकडे.

बेंचवरून
सगळं मान्य पण देव करू नका राव. बार्सिलोनानंतर पॅरिसच्या पीएसजी क्लबमध्ये नऊ सीझन, नऊच्या नऊ लीग टायटल, एवढा पैसा ओतला तरी चॅम्पियन्स लीग नाही ती नाहीच. २०१७ ची फायनल वार्दार क्लबकडून हरले एका गोलाने, २४-२३, तेही शेवटच्या सेकंदांत.

आणि बेटिंगचं प्रकरण कोणीच काढत नाही! मे २०१२, मॉन्पेलिएने लीग आधीच जिंकली होती, सेसाँ क्लबविरुद्ध हाफटाइमला ते मागे असतील यावर पैसे लागले आणि तसंच झालं. निकोला जखमी होता, त्या मॅचमध्ये खेळलाच नाही, फिक्सिंग केल्याचं त्याने कायम नाकारलं. तरी कोर्टात केस चालली आणि २०१७ ला अपीलात दोन महिन्यांची स्थगित शिक्षा अन १०,००० युरो दंड झाला. खेळाडू म्हणून भारीच, पण करिअर सांगताना हे गाळायचं नाही.

सात_मीटर
गाळू नयेच. पण त्यानंतर मॉन्पेलिए सोडावं लागलं, थोडे महिने फ्रान्समधल्याच एक्स क्लबमध्ये खेळला, तिथून बार्सिलोना आणि परत जगात बेस्ट. बरेचजण अशा वेळी संपतात.

नवा_प्रेक्षक
डिफेन्सचं खरंच लक्षात आलं नव्हतं, आता परत बघतो. टोकियोच्या आधी गुडघा गेला होता तो हाच ना?

दुसरा_हाफ
हो हाच. ऑक्टोबर २०२० ला लिगामेंट फाटलं, वय ३६, जानेवारीची वर्ल्ड चॅम्पियनशिप घरून बघितली. ऑलिंपिक एक वर्ष पुढे ढकललं गेलं हे त्याच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं, टोकियोत आला आणि फायनलला डेन्मार्कला २५-२३ हरवून गोल्ड घेऊन गेला.

बघायचीच असेल तर युरो २०२४ ची स्वीडनविरुद्धची सेमी बघ. वेळ संपलेली, फ्रान्स एका गोलाने मागे, फक्त एक फ्री थ्रो बाकी, समोर स्वीडनची सगळी भिंत उभी, आणि फ्रान्सच्या प्रांदीने भिंतीवरून असा काही हाणला की मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये. मग तीही जिंकले आणि फायनलही.

नवा_प्रेक्षक
आज रात्री हीच. आणि तो दुसरा काराबातिच, लुका, भाऊ का?

बेंचवरून
सख्खा धाकटा भाऊ. पिव्होट आहे, वर सांगितलेले ते पास बरेचदा त्यालाच जायचे.