ऐकू येतं, पण गोंगाटात शब्द लागत नाहीत. सांगली-मिरजेत कुठली तपासणी मागू?

खातेवही:
सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेब बघते. वय ३८. घरात, फोनवर, दोघी-तिघींत बसून बोलताना काही अडचण नाही. पण सौदे सुरू झाले, हमालांची हाकाहाक, बाहेर ट्रक मागं घेतायत, वर पत्रा, की संपलं. समोरच्याचा आवाज येतो, शब्द लागत नाहीत. परवा हळदीची सहासष्ट पोती मी पासष्ट लिहिली. एका पोत्यापायी रात्री आठपर्यंत वह्या चाळत बसलो सगळे.

लग्नकार्यात तर वेगळीच तऱ्हा. बँड, माईकवरचे आहेर, पंगतीतली भांडी, सगळं एकदम अंगावर येतं. छातीत धडधडतं, रडू फुटेलसं वाटतं. गेल्या लग्नात कार्यालयाबाहेर गाडीवर जाऊन बसले, तर सासूबाई म्हणे रुसली.

कान तपासून झाले. आलेख नॉर्मल. "लक्ष देऊन ऐकत जा," असं सांगून पाठवलं. आता पुढं काय? आणि ते कानात घालायचे प्लग घेऊ का?

वाटाण्याचा_कट:
मोबाईल कमी करा ताई. सवय झाली की होतंय सगळं.

खातेवही:
दादा, यार्डात चौदा वर्षं झाली. अजून किती सवय करू?

बूथमधली:
मी कान तपासण्याचंच काम करते. तुमचा आलेख खोटा नाही, पण त्यात विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झचे सूर वाजवतात आणि अगदी हळू सूर कुठवर ऐकू येतो तेवढं बघतात. यार्डात असं कोण बोलतं? दहा आवाजांतून एक वेगळा काढणं यात मेंदूचं काम मोठं. कॉलिन चेरी या संशोधकानं १९५३ मध्येच या कोड्याला 'कॉकटेल पार्टी' असं नाव दिलं. आपल्याकडं त्याला पंगत म्हणायला हरकत नाही.

तुमच्या पोत्यांचंच घ्या. पासष्ट आणि सहासष्ट, शेपूट एकच. फरक सगळा सुरुवातीला, आणि तिथली प, स ही व्यंजनं आवाजाला हलकी. गोंगाट आधी त्यांनाच खातो. उरतात ते स्वर. म्हणून "आवाज येतो, शब्द नाही".

जाण्याआधी फोन करून विचारा, 'स्पीच इन नॉइज', म्हणजे गोंगाटात बोललेले शब्द ओळखायची चाचणी करता का? मराठी शब्दांवर घेता का? दुसऱ्या भाषेत चुकलात तर कान चुकला की भाषा, हे कसं कळणार. 'ऑडिटरी प्रोसेसिंग'ची, म्हणजे ऐकलेलं मेंदू कसं लावतो याची तपासणी हवी आहे असंही सांगा. इथं जमलं नाही तर मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, नाहीतर म्हैसूरची वाक् श्रवण संस्था. चौदा वर्षं गोंगाटात काढलीत हेही आवर्जून सांगा. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर तपासणी पुन्हा नॉर्मल येते, पण कानातल्या पेशी आणि नस यांच्यातले काही जोड कायमचे गेलेले असतात. माणसांत ते किती लागू, यावर अजून वाद चालू आहे.

आणि एक. एका कानाचं ऐकू येणं अचानक कमी झालं तर मात्र इथं असा प्रश्न टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तंबोऱ्याची_जवारी:
मिरजेत तंबोरे करतो. प्लगबद्दल सांगतो, पैसे घालवून शिकलोय. स्पंजचे स्वस्त प्लग वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतात, म्हणजे वर म्हटलेली व्यंजनंच आधी जातात. गाणारे-वाजवणारे वापरतात ते फिल्टरवाले प्लग घ्या. सगळं सारखंच हळू होतं, बोलणं कळतं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एसटीच्या इंजिनाला उत्तम, माणसांच्या कालव्याला यथातथाच. शांत खोलीत मात्र काहीच घालू नका. मी दिवसभर घालून बसायचो, मग साधं भांडं पडलं तरी दचकायचो.

सातारची_आई:
माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, म्हणून बोलते. शब्द न लागणं आणि सगळं अंगावर येणं, ही दुखणी दोन आहेत. बऱ्याचदा जोडीनं येतात, पण उपाय वेगळे. सगळं अंगावर येतं त्यावर आमचा उपाय म्हणजे वेळ मोजून जाणं. आम्ही अक्षता पडल्या की जेवतो आणि निघतो. आधीच सांगून ठेवलं की कुणी रुसवा धरत नाही. पाठ भिंतीला लावून बसा, स्पीकरपासून लांब, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. ओठ दिसले की निम्मं कळतं. गाडीवर जाऊन बसलात ते बरोबरच केलंत हो.

खातेवही:
दोन ठिकाणी फोन केले. एकीकडं "हो, करतो" म्हणाले, मराठी शब्दांचं विचारून कळवतो म्हणालेत. दुकानात आजपासून आकडा सुटा सांगायचा, "सहा-सहा", आणि मी उलट म्हणून दाखवायचा. हमाल हसतायत, पण सांगतायत. सासूबाईंना सातारच्या ताईंचा निरोप वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "मलाही पंगतीत काही कळत नाही गं, मी नुसती मान हलवते."

बूथमधली:
मग दोघींची वेळ घ्या.