नुकू हिवा ते ताहिती, बोटीवर दोघंच: अॅटॉलची खिंड, रात्रीच्या पाळ्या आणि नांगराबद्दल प्रश्न

सागरगोटा

38 फुटी स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), पाण्याखाली 1.9 मीटर. बोटीवर आम्ही नवरा-बायको दोघंच. सध्या फ्रेंच पॉलिनेशियात, मार्केसास बेटांमध्ये नुकू हिवाच्या ताइओहाए उपसागरात आहोत. मेअखेर निघून तुआमोतूत आधी कावेही, मग फाकारावा (दोन्ही अॅटॉल, म्हणजे मधल्या खाऱ्या सरोवराला, लगूनला, वेढणारी प्रवाळाची कडी) आणि तिथून ताहितीतलं पापेएते असा बेत आहे. विंडवेन (वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणारं यंत्र) आहे, विजेवरचा ऑटोपायलट आहे, सोलर 400 वॉट. रडार नाही, एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारी यंत्रणा) आहे.

1) कावेहीच्या खिंडीत (प्रवाळाच्या कड्यातून आत जायची वाट) शिरायची वेळ इथूनच कशी बांधायची?
2) दोघांत रात्रीच्या पाळ्या कशा लावाव्यात?
3) लगूनमध्ये साखळी प्रवाळात अडकते म्हणतात. उपाय काय?

---

उलटा_वारा

पहिल्याचं उत्तर देतो, बाकीची मंडळी पुढचं बघतील.

नुकू हिवा ते कावेहीची खिंड सरळ रेषेत सुमारे 520 सागरी मैल. खिंड नैर्ऋत्येला आणि तुम्ही येणार ईशान्येकडून, म्हणजे अॅटॉलला वळसा धरून 530 समजा. 5 नॉटने (तासाला 5 सागरी मैल) 106 तास, 6 नॉटने 88 तास. हा 18 तासांचा फरकच सगळा घोळ करतो. म्हणून निघायची वेळ कमी वेगावर बेतू नका. 6 नॉटवर बेता आणि वाटेत हळू व्हा. शीड कमी करून वेग केव्हाही उतरवता येतो, पण वारा पडला तर वाढवता येत नाही.

पोचायची वेळ सकाळी 11 ते दुपारी 1 धरा. "सकाळी लवकर पोचा" हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण कावेहीत तो आंधळेपणाने पाळू नये. खिंडीतून गावाकडे जाताना बोटीचं तोंड ईशान्येला असतं आणि सकाळी 9 ला ऊन नेमकं डोळ्यांवर येतं. पाण्याखालचं खडप दिसतच नाही. दुपारनंतर सूर्य वायव्येला सरकतो, मग पाण्याचा रंग वाचता येतो: गडद निळं खोल, फिकट हिरवट वाळू, तपकिरी दिसलं की लांब राहायचं. एकाने पोलराइज्ड चष्मा लावून नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उभं राहायचं, दुसऱ्याने सुकाणूवर. त्या दिवसांत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, हेही हिशेबात घ्या.

शेवटच्या रात्री तायारो डाव्या हाताला साधारण 20 मैलांवर राहतं आणि आरातिका उजवीकडे त्याच्या दुप्पट अंतरावर. तायारोला खिंड नाही, आत शिरायचा प्रश्नच नाही. ही बेटं समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच, दिसतात ती माडांची टोकं, तीही दिवसा सात-आठ मैलांवरून. रडार नसताना रात्री या पट्ट्यात वेळ काढायचा असेल तर तायारोच्या उत्तरेलाच, 20 मैल मोकळं पाणी ठेवून काढा. तिथे हीव-टू करून (शिडं-सुकाणू असं लावून की बोट जवळपास जागीच राहते) उजाडायची वाट बघितली तर बिघडत काही नाही.

---

तांडेल_मामा

वर वेळेचं छान सांगितलंय. खिंडीतल्या पाण्याबद्दल माझी पुरवणी.

पहिली गोष्ट, घड्याळ. मार्केसास यूटीसी उणे साडेनऊ, तुआमोतू आणि ताहिती उणे दहा. भरती-ओहोटीचा तक्ता एका वेळेत आणि बोटीवरचं घड्याळ दुसऱ्या वेळेत राहिलं की अर्ध्या तासाचा घोटाळा ठरलेला. सगळं यूटीसीत लिहा.

दुसरी, पापेएतेचा तक्ता इथे लावायचा नाही. ताहितीची भरती सूर्याच्या तालावर चालते, रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. तुआमोतूत चंद्राचा हिशेब चालतो आणि वेळ रोज पुढे सरकते. जवळच्या अॅटॉलचाच तक्ता घ्या.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: तक्त्यात सुकतीची (ओहोटी संपायची) वेळ दिली म्हणजे त्या मिनिटाला खिंडीतलं पाणी थबकेल असं नाही. दक्षिणेची लाट प्रवाळाच्या रीफवरून सतत आत पाणी ओतत असते आणि ते बाहेर पडायला वाट फक्त खिंडीची. दोन-चार दिवस मोठी लाट किंवा जोराचा वारा असला की बाहेर जाणारा प्रवाह लांबतो, पाणी थबकायला तासभर किंवा जास्त उशीर होतो, कधी कधी आत येणारा प्रवाह सुरूच होत नाही. चिंचोळ्या खिंडीत हा वेग 6 नॉटच्याही वर जातो. तुमचं इंजिन किती ढकलेल ते तुम्हालाच ठाऊक.

म्हणून सुकतीच्या तासभर आधी खिंडीबाहेर पोचा आणि दुर्बिणीने नुसतं बघत राहा. मध्यभागी पांढऱ्या, जागच्या जागी उभ्या राहिलेल्या लाटा दिसल्या तर ओहोटी जोरात आहे, थांबा. त्या बसत आल्या की इंजिन चालू, मेनसेल चढवलेलं (इंजिन बंद पडलं तर तेच वाचवतं), नांगर मोकळा, आणि मधोमध आत. कावेहीची खिंड रुंद आणि खोल आहे, पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोपी. तिथून फाकारावा 35 मैलांच्या आत-बाहेर. उत्तरेची गारुआए खिंड खूपच रुंद. दक्षिणेची तुमाकोहुआ अरुंद, ती नंतर आतून बघा.

---

अवनी_नौका

पाळ्या: तीन तासांच्या लावा. 20 ते 23, 23 ते 02, 02 ते 05, 05 ते 08. सहा तासांची सलग झोप कागदावर बरी दिसते, पण जागणाऱ्याचं लक्ष चौथ्या तासापासून उडतं. मात्र रोज तीच पाळी त्याच माणसाकडे ठेवा, शरीराला सवय तिसऱ्या दिवशी लागते. आणि हा प्रवास जेमतेम चार रात्रींचा, म्हणजे सवय लागेपर्यंत अॅटॉल समोर. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत दुपारची झोप दोघांनीही सक्तीने घ्यायची.

दोन नियम मोडायचे नाहीत. झोपलेल्याला उठवल्याशिवाय कॉकपिटबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि सूर्य मावळायच्या आत एक रीफ घालून (शीड थोडं आवळून) ठेवायचा, वारा 12 नॉट असला तरी. पावसाची सर आली की 30 नॉट सहज लागतात, आणि अंधारात एकट्याने शीड उतरवण्यापेक्षा अर्धा नॉट गेलेला परवडला.

तुमची दिशा साधारण 215 अंश, वारा आग्नेय-पूर्वेचा, म्हणजे डाव्या कुशीवर, किंचित मागून. विंडवेनला याहून चांगला कोन मिळायचा नाही. ऑटोपायलट या आकाराच्या बोटीवर सरासरी 3 ते 5 अँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला 72 ते 120 अँपिअर-अवर. 400 वॉटचं सोलर, त्यावर शिडाची सावली आणि वर फ्रीज. गणित जमत नाही. विंडवेनच वापरा, ऑटोपायलट इंजिनावर चालताना.

घासण्यावर नजर ठेवा. एकाच बाजूला चार दिवस वारा, म्हणजे जेनोआची (पुढच्या मोठ्या शिडाची) शीट, म्हणजे ते ओढायचा दोर, त्याच ब्लॉकमध्ये (कप्पीत) त्याच जागी घासणार. रोज सकाळी शीट आणि हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) चार बोटं सोडायची किंवा ओढायची.

---

सागरगोटा

सगळ्यांचे आभार. मावळतीआधी रीफ, हे आजपासून लागू. नांगराचं राहिलं. साखळी 10 मिमी, 60 मीटर. खोली 12 मीटर धरली तर?

---

तांडेल_मामा

साखळी तरंगती ठेवायची. वारा फिरला की बोट गोल फिरते आणि तळावर लोळणारी साखळी प्रवाळाच्या सुळक्याला वेढे घालते. मग आखूड झालेल्या साखळीवर लाटेचा हिसका बसतो आणि विंडलास (साखळी ओढायचं यंत्र) उखडतो. प्रवाळ मोडतं ते वेगळंच.

12 मीटर पाण्यात 50 मीटर सोडा. नांगर वाळूच्या मोकळ्या तुकड्यात पडलाच पाहिजे, त्यासाठी दोन चकरा जास्त झाल्या तरी चालतील. पहिले 20 मीटर तळावर, मागे इंजिन देऊन नांगर बसवून घ्या. मग 20, 26, 32 आणि 38 मीटरवर एकेक फ्लोट. 10 मिमी साखळी पाण्यात मीटरला 2 किलो भरते, म्हणजे सहा मीटरचे 12 किलो. 30 सेंटिमीटर व्यासाचा फ्लोट साधारण 14 किलो उचलतो. मोत्यांच्या शेतीतले सुटलेले कडक प्लास्टिकचे गोळे किनाऱ्यावर सापडतात, तेच वापरतात सगळे. हात-दीड हात दोर आणि कॅरॅबिनर, साखळीच्या कडीत अडकवायचा. शेवटी 10 मीटर नायलॉनचा स्नबर (हिसका झेलणारा ताणता दोर).

मग मास्क लावून बघून या. शांत हवेत फ्लोट पाण्याच्या मधल्या थरात हवेत. पृष्ठभागावर आलेला फ्लोट दुसऱ्याच्या डिंगीच्या पंख्यात जातो, त्याचा दोर आखूड करा. जोराचा आग्नेय वारा, तिथे त्याला माराआमू म्हणतात, येणार असेल तर लगूनच्या आग्नेय कोपऱ्यात आधीच सरका. फाकारावाचं लगून 60 किलोमीटर लांब आहे, एवढ्या पाण्यावरून आलेली लाट आतल्या नांगरालाही सोडत नाही.

---

उकडीचा_मोदक

कोणी विचारलं नाही, तरी लिहितो. लगूनमधला मासा गावकऱ्यांना विचारल्याशिवाय खायचा नाही. सिग्वातेराचं विष शिजवून, तळून किंवा गोठवून जात नाही. कोणता मासा चालतो हे अॅटॉलनुसार बदलतं आणि ते तिथल्यांनाच माहीत असतं. मोकळ्या समुद्रात गळाला लागलेला माहीमाही किंवा कुप्पा बिनधास्त खा.

भाजीची आशा तुआमोतूत ठेवू नका, पुरवठा जहाज येईल तेव्हाच. कोबी, कांदे, लाल भोपळा नुकू हिवालाच घ्या. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळीत, एकत्र ठेवले की लवकर कुजतात. मूग-मटकी भरपूर ठेवा, रोज थोडे मोड काढायचे. मात्र पुढे न्यूझीलंडला जाणार असाल तर ही कडधान्यं त्याआधी संपवा, उगवू शकणारं धान्य तिथे उतरवून घेतात. पाणीही इथूनच भरा, अॅटॉलवर ओढा नाही की झरा नाही, गावकरी स्वतः पावसाचं पाणी साठवून पितात. वॉटरमेकर असेल तर क्लोरीन असलेलं नळाचं पाणी कार्बन फिल्टरशिवाय त्यातून फिरवू नका, मेम्ब्रेन जातो.