उर्वशीच्या गुटीला मुळे का फुटत नाहीत?

कातळफूल (रत्नागिरी), ऑगस्ट
आमच्या परसात सासऱ्यांनी लावलेले उर्वशीचे झाड आहे. दर वर्षी त्याला लाल फुलांचे लोंबते घोस येतात, पण शेंग क्वचितच धरते. गेल्या वर्षी धरलेली एकुलती एक शेंग जून होण्याआधीच गळाली. मुलीसाठी आणि नणंदेसाठी एकेक रोप करावे म्हणून आधी दहा छाट कलमे लावली, ती सगळी कुजली. मग जूनअखेरीस चार गुट्या बांधल्या, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल गोलाकार सोलून तिथे मुळे फुटावीत म्हणून ओले शेवाळ प्लास्टिकमध्ये गुंडाळले. सहा आठवड्यांनी त्यांतली एक सोडून पाहिली, तर शेवाळ गच्च ओले होते, सोललेल्या जागेच्या वरच्या कडेला पांढरट खरबरीत गाठ आली होती आणि त्या गाठीपासून खालच्या सालीपर्यंत काडीएवढ्या रुंदीची नवी साल जुळून आली होती. मूळ मात्र एकही नव्हते. शिवाय मे महिन्यात आलेली कोवळी पालवी मलूल होऊन लोंबत राहिली. सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही ती उभी राहिली नाही. झाडालाच काही रोग असावा का?

गुटीवाला (दापोली)
ताई, झाड निरोगी आहे. त्या पांढऱ्या गाठीवरूनच ते कळते, कारण मुळे फुटायची ती तिथूनच. घोटाळा त्या काडीएवढ्या सालीने केला आहे. पानांत तयार झालेला अन्नरस सालीतून खाली उतरतो आणि साल पूर्ण गोलाकार काढली, तरच तो वरच्या कडेशी साचून मुळांच्या कामी येतो. अरुंदसा जरी पूल जुळला, तरी रस त्यावरून खाली निघून जातो आणि फांदीला मुळे काढण्याची गरजच उरत नाही. तेव्हा साल अंगठ्याच्या पेराएवढी, म्हणजे अडीच ते तीन सेंटिमीटर रुंद काढावी आणि त्याखालचा बुळबुळीत पापुद्रा चाकूच्या बोथट बाजूने खरवडून लाकूड कोरडे लागेपर्यंत साफ करावे. ही पायरी आळसाने टाळली की सगळी मेहनत वाया जाते, हे मी स्वतः तीन पावसाळे घालवून शिकलो.

तुम्ही सोडलेली गुटी फुकट गेलेली नाही. वरची गाठ न दुखावता तो पूल खरवडून काढा, वरच्या कडेला आयबीए या मुळे फुटवणाऱ्या संजीवकाची भुकटी लावा आणि शेवाळ मुठीत घट्ट पिळून, थेंब गळायचा थांबल्यावरच, पुन्हा बांधा. उरलेल्या तीन गुट्यांना हात लावू नका. उर्वशीला दोन-तीन महिने सहज लागतात. पारदर्शक प्लास्टिकमधून मुळे दिसेपर्यंत थांबावे. फांदी एकदम न तोडता आधी गुटीच्या खाली अर्धी खाच द्यावी आणि पंधरा दिवसांनी पूर्ण कापावी.

झुंबर (मुंबई)
पालवीबद्दल लिहितो. उर्वशीची नवी पाने तांबूस-तपकिरी रंगाची, ओल्या फडक्यासारखी लोंबतच येतात आणि पुढे हिरवी होऊन ताठ होतात. सीतेच्या अशोकाचीही तीच रीत आहे. त्यांना तहानलेली समजून पाणी ओतत राहिल्यास मुळे कुजण्याचा धोका असतो. या झाडाला दमट हवा लागते, पण बुडाशी साचलेले पाणी चालत नाही.

ते मूळचे म्यानमारचे. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिच यांनी त्याला तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अॅमहर्स्ट आणि त्यांच्या कन्येच्या सन्मानार्थ शास्त्रीय नाव दिले. हे झाड मिळवण्यासाठी इंग्लंडच्या एका ड्यूकने 1835 मध्ये आपला माळी जॉन गिब्सन याला खास भारतात धाडले, पण युरोपातले पहिले फूल 1849 मध्ये उमलले ते लंडनजवळ ईलिंगला, लुईझा लॉरेन्स यांच्या काचघरात. आपल्याकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत ही झाडे आहेत. बहरात एकदा जाऊन पाहावीत.

पर्वतीपायथा (पुणे)
माझे रोप गुटीचेच आहे. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात त्याच्या पानांच्या कडा करपतात, म्हणून ते भिंतीच्या सावलीत ठेवून बुडाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालतो. नणंदबाई घाटावर राहत असतील, तर त्यांना हे आधीच सांगून ठेवावे. गुटी उतरवल्यावर निम्मी पाने कमी करावीत आणि कुंडीत लावताना शेवाळ सोडवत बसू नये, कारण कोवळी मुळे फार ठिसूळ असतात.

कातळफूल (रत्नागिरी), ऑक्टोबर
सर्वांचे आभार. न सोडलेल्या तिन्हींपैकी एकीत प्लास्टिकला चिकटलेली चार पांढरी मुळे काल दिसली, म्हणून तिला अर्धी खाच दिली आहे. दुसरीत अजून काहीच दिसत नाही आणि तिसरी माकडांनी फांदीसकट मोडून नेली. पूल खरवडून पुन्हा बांधलेल्या गुटीची गाठ आता फुगलेली दिसते. ती दिवाळीनंतर पाहीन. पहिले रोप मुलीकडे देवरूखला जाईल. नणंद साताऱ्याला असते, तेव्हा तिच्यासाठी आधी भिंतीची सावली शोधावी लागेल.