ओलाव्याचा रकाना

कारखान्याच्या विभागांमधील तक्रारी आठवड्याच्या बैठकीत मिटतात, असे मत मांडले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण बैठक होईपर्यंत माल पुढे गेलेला असतो.

जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्यात, मी हिशेब पाहतो. कापसात 8 टक्क्यांपर्यंत ओलावा चांगला मानतात. भारतीय कापूस महामंडळही हमीभावाने खरेदी करताना 12 टक्क्यांच्या वर जात नाही. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीचा कापूस मात्र बऱ्याचदा ओलसर येतो. आमचा खरेदी विभाग भाव पाडून तो घेत असे आणि त्यांच्या दृष्टीने सौदा फायद्याचा ठरे. परंतु तोच कापूस कोरड्या ढिगात मिसळला गेला की यंत्रावर रुई नीट सुटत नसे, ढिगाच्या पोटात हात घातल्यावर ऊब लागे, आणि विक्री विभागाने ज्या प्रतीच्या गाठींचा शब्द व्यापाऱ्याला दिलेला असे ती प्रत हाती येत नसे. हा तोटा कोणत्याही एका विभागाच्या वहीत दिसत नव्हता, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

शेवटी वजनकाट्याच्या पावतीवरच ओलाव्याचा रकाना छापून घेतला आणि तिची एक प्रत गाडी रिकामी होण्याआधी जिनिंगच्या फोरमनकडे जाऊ लागली. ओल्या आणि कोरड्या कापसाचे ढीग वेगळे लावण्याची सूचना हमालांनी फार पूर्वी केली होती, हे येथे नोंदवलेच पाहिजे. आता विक्री विभाग सौदा करण्यापूर्वी त्या पावत्या मागवतो.